बिल्ल्यावरच्या तीन रायफली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बीएसए गोल्ड स्टार मोटरसायकलीवरचा लेख वाचला. महिंद्रा समूहातल्या क्लासिक लेजंड्सने हे जुनं नाव पुन्हा रस्त्यावर आणलं, ऑगस्ट २०२४ मध्ये गाडी भारतातही विकायला आली, हे सगळं ठीक. १९३७ साली ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर वॉल हँडलीने ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारली आणि त्याबद्दल मिळालेल्या सोनेरी ताऱ्याच्या पिनेवरून गाडीचं नाव पडलं, हेही लेखकाने बिनचूक दिलं आहे. पण पुढे टाकीवरच्या बिल्ल्याचं वर्णन करताना ‘एकमेकींत गुंफलेल्या तीन काठ्या, वेगाचं प्रतीक’ असं म्हटलंय, आणि दोनच परिच्छेदांनंतर ‘सायकली बनवणाऱ्या या कंपनीने युद्धकाळात बंदुकाही बनवल्या’ असं वाक्य आहे. इथे मात्र उलटी गंगा वाहिली आहे.

त्या काठ्या नव्हेत, रायफली आहेत. तळावर विसावताना शिपाई आपल्या रायफली तोंडाशी अडकवून तीन-तीनच्या जुडीने उभ्या ठेवत, ते हे चिन्ह. कंपनीचं नावच मुळी बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी एकत्र येऊन ती काढली. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात तोवर यंत्रांवर बंदुका होऊ लागल्या होत्या, एकीचा सुटा भाग दुसरीला बसत होता, आणि कानशीने घासून एकेक भाग जुळवणाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता. सायकल आली १८८० च्या सुमारास. मोटरसायकल १९१० मध्ये, म्हणजे कंपनी पन्नाशीला टेकल्यावर.

लेखकाला दोष देत नाही. आपल्याकडे बीएसए म्हटलं की मद्रासच्या टीआय सायकल्सने बनवलेली सायकलच आठवते, माझ्या भाच्यालाही तीच आठवली. मला खटकलं ते निराळं. लेखात बंदूक म्हणजे युद्ध असं धरून चाललं आहे. याच कारखान्यातून कागदावरच्या काळ्या ठिपक्यापलीकडे कशावरही न झाडलेल्या रायफली हजारोंनी बाहेर पडल्या, आणि त्या लेथवरच्या, भट्टीवरच्या, गॅसकारखान्यातल्या माणसांच्या हातात गेल्या. त्यांचा लेखात एका शब्दानेही उल्लेख नाही. मी मूळचा वाईचा. सातारच्या कॉलेजात एन.सी.सी.त पॉइंट टू-टू (.२२ इंच नळीची छोटी रायफल) चालवली, १९७२ मध्ये बर्मिंगहॅमला टूलरूममध्ये नोकरीला लागलो तो इथलाच झालो. आमच्या कारखान्याच्या रायफल क्लबात माझ्या वाट्याला आली ती बीएसएची मार्टिनी. तेव्हा या विषयावर चार ओळी लिहिण्याचा हक्क मला आहे असं समजतो. चाराच्या चाळीस झाल्या तर आपण कात्री चालवालच.

मार्टिनी हे नाव फ्रीडरिश फॉन मार्टिनी याचं. हा स्वित्झर्लंडात फ्राउएनफेल्डला कारखाना चालवणारा इंजिनिअर. मूळ कल्पना बॉस्टनच्या हेन्री पीबडीची, १८६२ च्या पेटंटातली: नळीच्या मागचं दार म्हणजे पोलादाचा एक ठोकळा, मागच्या टोकाला खिळीवर फिरणारा. खालची लिव्हर दाबली की ठोकळ्याचं पुढचं तोंड खाली झुकतं आणि नळीचं भोक उघडं पडतं. पीबडीच्या बंदुकीचा घोडा बाहेर होता, तो अंगठ्याने वेगळा चढवावा लागे. मार्टिनीने तो काढून टाकला, आघात करणारी खीळ ठोकळ्याच्या पोटात घातली आणि लिव्हरच्या त्याच हेलकाव्यात ती चढेल अशी योजना केली. एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीने नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे पीळ दिले. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने घेतलेली मार्टिनी-हेन्री ती हीच. विसाव्या शतकापर्यंत ती युद्धाच्या दृष्टीने म्हातारी झाली होती. काडतुसांची पेटी लावता येत नाही, एका वेळी एकच गोळी. पण कागदावर नेम धरणाऱ्याला एका वेळी दुसरी गोळी हवी कशाला?

१८९९ ते १९०२ या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी लांबून अचूक नेम धरून इंग्रजांची दाणादाण उडवली. त्यावरून धडा घेऊन लॉर्ड रॉबर्ट्स (हे आपल्या कानपूरचे जन्मलेले, भारतातले सरसेनापती) सामान्य माणसाला नेमबाजी शिकवा म्हणून हात धुऊन मागे लागले. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था उभी राहिली. तिचंच पुढे मिनिएचर रायफल क्लबांची संस्था असं नाव झालं आणि १९४७ पासून ती नॅशनल स्मॉल-बोअर (बोअर म्हणजे इथे नळीचं भोक) रायफल असोसिएशन म्हणून चालते. हेतू उघड उघड लष्करी होता, ते लपवण्यात अर्थ नाही. पण माणसं शनिवारी संध्याकाळी क्लबात येत ती साम्राज्यासाठी येत असतील यावर माझा विश्वास नाही. २५ यार्ड लांबीची जागा कुठेही मिळते. चर्चच्या हॉलात, दारूच्या गुत्त्याच्या मागे, कारखान्याच्या तळघरात. पॉइंट टू-टूची गोळी स्वस्त, आवाज बेताचा, धक्का जवळजवळ नाहीच.

सुरुवातीला मोडीत निघालेल्या लष्करी मार्टिनीच कामाला लावल्या गेल्या. मॉरिस ट्यूब नावाची एक मजेदार चीज होती: मोठ्या बोअरच्या नळीत एक बारीक नळी सरकवून बसवायची आणि छोट्या काडतुसावर सराव करायचा. मग बीएसएने ठोकळ्याची यंत्रणा लहान करून खास लक्ष्यवेधासाठी रायफली काढल्या. पहिल्या महायुद्धाआधीची १२ नंबरची, नंतरची १५ नंबरची, आणि पुढे दोघींची सांगड घालून १२/१५. नळी २९ इंच. सेंच्युरियन या छापाच्या रायफलीबरोबर कारखाना हमी द्यायचा, की चांगल्या काडतुसांनी १०० यार्डांवर दीड इंचाच्या आत गोळ्या पडतील. कामगाराने हप्त्याने घ्यायच्या वस्तूवर अशी हमी देणाऱ्या कारखान्याला यंत्रं कळत होती, एवढं मी माझ्या धंद्यावरून सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी कॅडेटांसाठी .३१० बोअरच्या मार्टिनी गेल्या, त्यांच्यावर कांगारूचा छाप आहे. त्यातल्या कित्येक पुढे खासगी हातांत गेल्या, नळ्या बदलल्या गेल्या, कांगारू मात्र राहिला.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ही छोटी रायफल पहिल्यांदा आली. बिस्लीच्या मैदानात ५० आणि १०० यार्डांवरून ८० गोळ्या. फिलिप प्लेटर नेम धरायला उशिरा आला आणि ३९१ गुण मारून पहिला ठरला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की एका देशाचे १२ स्पर्धक हा नियम आणि हा तर तेरावा! त्याचं नाव कापलं गेलं आणि ३८७ वाल्या आर्थर कार्नेलच्या गळ्यात सुवर्णपदक पडलं. हिशेब चुकला तो संघटकांचा, पदक गेलं ते प्लेटरचं. पुढच्याच वर्षी व्हिस्कीवाल्या थॉमस ड्यूअरने ब्रिटन-अमेरिका सामन्यासाठी करंडक दिला. त्यात गंमत अशी की संघ एकमेकांसमोर येतच नसत. इंग्रज इंग्लंडात, अमेरिकन अमेरिकेत नेम धरणार आणि गुण तारेने कळवणार. क्लबांच्या साखळी स्पर्धा तर चक्क टपालाने चालत, अजूनही चालतात. नंबर घातलेली छापील कार्डं येतात, साक्षीदारासमोर त्यावर गोळ्या झाडायच्या, सही घ्यायची आणि पाकिटात घालून परीक्षकाकडे पाठवायची. भोक रेषेला शिवलं की नाही हे तो भिंग आणि गेज लावून ठरवतो. आमच्या टूलरूमच्या माणसांचा या कामात हात धरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे भांडणंही आमच्याच टेबलावर सर्वांत लांबत.

आता या रायफलींच्या खोडी. हा भाग मी मनापासून लिहितो आहे.

पहिली खोड लाकडाची. आजच्या रायफलीला मागून पुढपर्यंत एकसंध दस्ता किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा असतो. मार्टिनीला मधे ठोकळा बसतो ती पोलादाची पेटी आहे, तिच्या मागे लांब बोल्टाने आवळलेला दस्ता आणि पुढे वेगळा लाकडी तुकडा, जो थेट नळीलाच धरून असतो. पालथं पडून नेम धरताना डाव्या दंडाला पट्टा लावतात आणि तो या पुढच्या तुकड्याला अडकवतात. पट्टा ताणला की लाकूड ओढलं जातं, लाकडाबरोबर नळी. वाळणीच्या काठीवर ओलं कापड टाकलं की ती बाकते तसंच हे, फक्त केसाच्या मापात. पण गोळ्यांचा अख्खा गट सरकायला तेवढं पुरतं. शनिवारी जुळवलेली रायफल मंगळवारी बाजूला मारू लागली की नवखा माणूस दुर्बिणीतून लक्ष्य पाहून सांगणाऱ्याला, काडतुसाला आणि हवेला शिव्या देतो. जुना माणूस आधी पट्टा किती भोकांवर लावला होता ते विचारतो. आमच्या खात्यातल्या एका म्हाताऱ्या फिटरने पट्ट्यावर खिळ्याने खूण करून ठेवली होती आणि त्या पट्ट्याला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

बीएसएला हे कळत नव्हतं असं नाही. १९५० मध्ये त्यांनी मार्टिनी इंटरनॅशनल काढली. जाडजूड नळी, वजन १४ पौंडांच्या आसपास, आणि एक पिन काढली की चापासकट सगळी यंत्रणा एका गठ्ठ्यात हातात येते. साफ करायला, चाप हलका-जड करायला इतकी सोयीची रचना मी दुसरीकडे पाहिली नाही. १९५९ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी पुढचं लाकूड नळीपासून सोडवून पेटीला टांगलं. मग पट्टा कितीही ओढा, नळी मोकळी.

दुसरी खोड साफसफाईची. बोल्टवाल्या रायफलीचा बोल्ट मागे ओढून काढला की गज मागच्या बाजूने सरळ नळीत जातो. मार्टिनीच्या पेटीची पाठ बंद. गज घालायचा तर तोंडाकडून. आणि नळीचं तोंड म्हणजे गोळीला जिथून शेवटचा निरोप मिळतो ती जागा, तिथली कड एका अंगाने झिजली की गोळी त्या अंगाला फितूर होते. त्यामुळे तुम्हाला जुन्या मार्टिनीची नळी आतून आरशासारखी लख्ख आणि तरी नेम भिकार अशी सापडेल. गोळ्यांनी ती झिजली नाही. मालक फार टापटिपीचा होता, दर रविवारी गज घासत बसे! माहीतगार माणूस तोंडात पितळेची मार्गदर्शक नळी बसवतो, किंवा दोरीला चिंधी बांधून मागून पुढे ओढतो आणि गजाच्या वाटेला जातच नाही.

नळ्या गंजण्याचं कारणही लोक भलतंच देतात, इंग्लंडची हवा म्हणे. पूर्वीच्या काडतुसांत दारू पेटवणाऱ्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. जळल्यावर त्याचं मीठ होतं, ते नळीत बसून हवेतला ओलावा ओढतं. तेलाने मीठ निघत नाही, उकळत्या पाण्याने निघतं. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांच्या १९१० च्या नळ्या आजही शाबूत आहेत. ज्यांनी भरपूर तेल ओतलं त्यांच्या नळ्यांना देवीचे व्रण.

मागची नेमकडी म्हणजे बारीक भोकाची चकती, पुढे नळकांड्यात बसवलेली कडी. वर्तुळात वर्तुळ, त्यात काळा ठिपका, बस्स. बीएसएच्या स्वतःच्या नेमकड्या होत्या, पार्कर-हेलच्याही असत. पार्कर-हेलचं बटण एक टिचकी फिरवलं की १०० यार्डांवर पाव इंच फरक, २५ यार्डांवर त्याच्याही चौथाई. पण सत्तर-ऐंशी वर्षांच्या स्क्रूत बॅकलॅश, म्हणजे आट्यांतली ढिलाई, आलेला असतो. वर चार टिचक्या, नको म्हणून खाली दोन, की हिशेब बसत नाही. नेहमी एकाच दिशेने येऊन थांबायचं. लेथचं हँडल ज्याने फिरवलंय त्याला हे शिकवावं लागत नाही, संगणकवाल्या मुलांना मात्र पटेपर्यंत एक डबी काडतुसं खर्ची पडतात.

आणि काडतुसं! एकाच छापाची, एकाच पेटीची, तरी एका रायफलीला मानवतील आणि शेजारच्या तिच्याच सख्ख्या बहिणीला मानवणार नाहीत. स्पर्धेची टू-टू गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, सेकंदाला १,०८० फुटांच्या आगेमागे, कारण वाटेत आवाजाचा वेग ओलांडून खाली येणारी गोळी डगमगते. त्या वेगात उणंअधिक झालं की ५० यार्डांवर लगेच दिसतं. म्हणून खंदे नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून पाहतात आणि एक लॉट जमला की पोत्याने घेऊन ठेवतात. ईलीचा काडतुसांचा कारखाना आमच्याच शहरात, तरी आमचा कंजूष क्लब स्वस्तातलीच आणायचा.

मार्टिनी मागे का पडली? अमेरिकेत विंचेस्टरची ५२ नंबरची बोल्ट रायफल पहिल्या महायुद्धानंतर लगेचच आली होती. दुसऱ्या महायुद्धात झेला-मेलिसचं घरदार गमावलेल्या आन्शुट्झ या जर्मन बंदूकवाल्या घराण्याने १९५० मध्ये उल्मला नव्याने सुरुवात केली आणि मॅच ५४ नावाची बोल्ट यंत्रणा काढली. एकसंध लाकूड, मागून साफ होणारी नळी, तितकाच चपळ चाप. इंग्रज बराच काळ मार्टिनीला धरून राहिले, मग तेही उल्मला शरण गेले. बीएसएच्या मोटरसायकलींची वाताहत १९७३ पर्यंत झाली होती, सत्तरच्या दशकातच बर्मिंगहॅममधला स्मॉल हीथचा अवाढव्य कारखाना बहुतेक पाडला गेला. १९४० च्या नोव्हेंबरात याच इमारतीवर बॉम्ब पडून ५३ कामगार मेले होते, तेव्हा ती पुन्हा उभी राहिली होती. हिशेबाच्या वह्यांपुढे नाही राहिली. बंदुकांचा विभाग १९८६ मध्ये स्पेनच्या गामोने घेतला, मग त्या नावाने हवेच्या बंदुकाच उरल्या. म्हणजे मूळ धंदा टिकला तो असा.

डावखुऱ्यांनी मात्र मार्टिनीसाठी आजही हळहळावं. बोल्ट उजव्या बाजूला असतो, डाव्याला दर गोळीला हात पलीकडे न्यावा लागतो. मार्टिनीची लिव्हर मधोमध खाली, दोन्ही हातांना सारखी. आमच्या क्लबातल्या डावऱ्यांनी नवी रायफल घ्यायला सर्वांत शेवटी होकार दिला.

आपल्या वाचकांना हे सगळं परकं वाटेल असं मला वाटत नाही. एन.सी.सी.त पॉइंट टू-टू चालवलेली मोठी पिढी महाराष्ट्रात आहे. भारताच्या नॅशनल रायफल असोसिएशनचे १९५१ मधले पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिचला ५० मीटर प्रोनचं (म्हणजे पालथं पडून नेम धरण्याचं) विश्वविजेतेपद ६०० पैकी ५९७ गुणांनी घेतलं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य आणलं. ज्या खेळात त्यांनी ही पदकं घेतली तो खेळ इंग्लंडातल्या क्लबांच्या तळघरांत रुजला. त्यातल्या ५० मीटरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळीच ५.६ मिलिमीटरची. ते टीव्हीवर पाहून ‘नुसतं पडून तर मारायचं’ म्हणणाऱ्यांनी एकदा पडून पाहावं.

शेवटी एक विनंती, लेखकाला नव्हे, वाचकांना. आजोबांची किंवा बरखास्त झालेल्या क्लबाची अशी एखादी परवान्यावरची रायफल कपाटात असेल (२०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे कित्येक दुकानदारांच्या मांडणीतही गेली असतील), तर परवान्याचं, वारसाचं काय ते पोलीस ठाण्यात नीट विचारून घ्या. पण तिला पॉलिश करून आणू नका. बफवर धरली की छाप पुसले जातात, कडा गोल होतात आणि ती कुठल्या नंबरची हे ओळखायचं साधनच जातं. रिकाम्या नळीवर चाप ओढून ‘कट्’ असा आवाज मुलांना ऐकवू नका. टू-टूची खीळ काडतुसाच्या कडेवर आपटते, काडतूस नसलं की ती नळीच्या काठावर आपटून तिथे ओरखडा उठवते आणि पुढे पुंगळी (काडतुसाचं टरफल) अडकू लागते. अगदीच राहवत नसेल तर झाडलेली पुंगळी आत ठेवून ओढा. गज तोंडातून घालायचा असेल तर वर सांगितलंच आहे.

पेटीच्या डाव्या-उजव्या बाजू आधी स्वच्छ सुती फडक्याने पुसा आणि उन्हात तिरप्या धरा. तीन रायफलींचा तो छाप फिकट असला तरी दिसेल. दिसला तर फोटो आपल्या पुरवणीच्या लेखकाकडे पाठवा. त्यांना पुढच्या लेखात उपयोग होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त टूलमेकर, बर्मिंगहॅम
(मूळ गाव वाई, जि. सातारा)